रेपो दर उतरला, मग माझा हप्ता का नाही उतरला?

रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर झालं की संध्याकाळच्या बातम्यांत 'गृहकर्जदारांना दिलासा' ही पट्टी हमखास फिरते. २०२५ मध्ये ती चार वेळा फिरली. फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर अशा चार टप्प्यांत रेपो दर, म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने पैसे मिळतात तो, ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आला. सव्वा टक्का म्हणजे थोडाथोडका नव्हे. तरी पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला अनेकांच्या खात्यातून हप्ता कापला गेला तो आधीइतकाच. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेली चर्चा सुरू होते: वाढवायचं असलं की बँका लगेच वाढवतात, कमी करायची वेळ आली की झोपतात.

या तक्रारीत तथ्य आहे, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. बऱ्याच जणांना दिलासा मिळालेला असतो, फक्त तो हप्त्याच्या आकड्यात दिसत नाही. तो उरलेल्या महिन्यांच्या संख्येत असतो आणि तिकडे कोणी बघत नाही. दर वाढतो तेव्हा बोजाही गुपचूप तिथेच जाऊन बसतो. म्हणून गृहकर्ज समजून घ्यायचं तर हप्ता बाजूला ठेवून दोन आकडे बघायची सवय लावावी लागते: किती मुद्दल शिल्लक आहे आणि किती महिने उरलेत.

हप्त्यात मुद्दल किती, व्याज किती

समजा तुम्ही ५० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी ८.५ टक्क्यांनी घेतलं. हप्ता बसतो ४३,३९१ रुपये. पहिल्या महिन्यात ५० लाखांवर एका महिन्याचं व्याज होतं ३५,४१७ रुपये. ते वजा गेलं की उरतात ७,९७४ रुपये, आणि तेवढंच मुद्दल, म्हणजे मूळ उचललेली रक्कम, कमी होतं. पुढच्या महिन्यात व्याज थोड्या कमी रकमेवर लागतं, म्हणून मुद्दलाचा वाटा काही रुपयांनी वाढतो. हीच चाल २४० महिने चालते.

सुरुवातीला ही चाल फार संथ असते. पाच वर्षांत तुम्ही २६ लाख रुपये भरलेले असतात, पण मुद्दल उतरलेलं असतं जेमतेम ६ लाखांनी. दहा वर्षं झाली, निम्मी मुदत संपली, तरी ३५ लाख बाकी असतात. निम्मं मुद्दल फिटायला जवळपास चौदा वर्षं लागतात. अनेकांना हे कळतं ते घर विकायला काढल्यावर, बँकेकडून बाकी रकमेचं पत्र हातात येतं तेव्हा.

गच्चीवरच्या टाकीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. टाकीतलं पाणी म्हणजे मुद्दल. वरून एक नळ सतत चालू आहे, ते व्याज. खालच्या तोटीतून दर महिन्याला तुम्ही पाणी काढता, तो हप्ता. टाकी भरलेली असते तोवर वरचा नळही मोठा असतो, म्हणून इतकं पाणी काढूनही पातळी हलत नाही. पाणी जसजसं कमी होतं तसतसा वरचा नळ बारीक होतो आणि पुढे टाकी भराभर रिकामी होते. यात कोणाची फसवणूक नाही, शिल्लक रकमेवर व्याज लावण्याचा हा सरळ परिणाम आहे. पण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

रेपोशी तुमचं कर्ज बांधलेलं आहे का?

बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे लागले की रिझर्व्ह बँक ज्या दराने देते तो रेपो दर. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना नवीन, बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज एखाद्या बाहेरच्या मापदंडाशी जोडणं बंधनकारक झालं आणि बहुतेकींनी रेपो निवडला. तुमचा दर म्हणजे रेपो अधिक बँकेचा स्प्रेड, म्हणजे बँकेने वर लावलेली टक्केवारी. रेपो ५.२५ आणि स्प्रेड २.५० असेल तर तुमचा दर ७.७५. रेपो हलला की तुमचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरवावाच लागतो. बातमी आज आली आणि तुमची तारीख दोन महिन्यांनी असेल, तर तोवर वाट बघणं आलं.

हा नियम सगळ्यांना लागू नाही. २०१९ च्या आधी घेतलेलं आणि नंतर न बदललेलं कर्ज अजून जुन्या पद्धतीवर असू शकतं. एप्रिल २०१६ नंतरची कर्जं एमसीएलआरवर होती, त्याआधीची बेस रेटवर. हे दोन्ही दर बँक स्वतःच्या खर्चाच्या हिशेबाने ठरवते, त्यामुळे रेपो घटला तरी ते सावकाश आणि अर्धवट उतरतात. हाउसिंग फायनान्स कंपन्या आणि सहकारी बँका तर या बंधनात येतच नाहीत. त्यांचा दर ठरवणारा मापदंड त्यांचा स्वतःचाच असतो. व्हॉट्सॲपवरची तक्रार खरी ठरते ती बहुतेक या मंडळींची.

तेव्हा मंजुरीपत्र काढा आणि दराच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. एमसीएलआर किंवा बेस रेट दिसला तर त्याच बँकेत अर्ज करून रेपोवर जाता येतं. थोडं शुल्क पडतं आणि शाखेत एक चक्कर. इतक्या कमी कष्टात इतके पैसे वाचवणारं दुसरं काम सहसा सापडत नाही, तरी लोक वर्षानुवर्षं ते करत नाहीत.

स्प्रेडचीही एक गोम आहे. दर उतरतीला लागले की बँका नव्या ग्राहकासाठी स्प्रेड बदलू शकतात, तुमचा मात्र जुनाच राहतो. त्यामुळे तुम्ही ८.२५ भरताय आणि त्याच बँकेच्या दारावरच्या फलकावर ७.७५ लिहिलंय, असं घडतं. हे बेकायदेशीर नाही. पण तुमचा क्रेडिट स्कोअर चांगला असेल आणि हप्ते वेळेवर गेले असतील तर लेखी अर्ज देऊन स्प्रेड कमी करून मागता येतो. मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही.

दर उतरल्यावर बँक नेमकं काय करते

दोनच वाटा असतात. हप्ता तोच ठेवून महिने कमी करायचे, किंवा महिने तेवढेच ठेवून हप्ता उतरवायचा. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर बऱ्याच बँका पहिली वाट धरतात.

आकड्यांत बघू. ४५ लाख मुद्दल बाकी, १८ वर्षं म्हणजे २१६ महिने उरलेत, दर ९ टक्के, हप्ता ४२,१४०. आता दर सव्वा टक्क्याने उतरून ७.७५ झाला. हप्ता तसाच ठेवला तर कर्ज २१६ ऐवजी १८२ महिन्यांत फिटतं. चौतीस महिने गायब. हप्ता कमी करून घेतला तर तो ३८,६९६ होतो, म्हणजे महिन्याला ३,४४४ रुपये हातात राहतात, पण कर्ज २१६ महिने चालतं. पहिल्या वाटेने इथून पुढे साधारण ३१.६ लाख व्याज जातं, दुसऱ्या वाटेने ३८.६ लाख. फरक ७ लाखांचा.

म्हणजे ज्याचा हप्ता 'उतरलाच नाही' तो बहुधा जास्त फायद्यात आहे. खात्री करायची तर नेट बँकिंगमधून कर्जाचा उतारा काढा. त्यात प्रत्येक हप्त्यासमोर व्याज, मुद्दल आणि शिल्लक असे रकाने असतात. दर बदलल्याच्या महिन्यापासून व्याजाच्या रकान्यातला आकडा एकदम खाली आलेला आणि मुद्दलाचा तेवढाच वर गेलेला दिसला, की दिलासा पोहोचला. नाही दिसला, तर मग शाखेत जाऊन भांडायला हरकत नाही.

दर चढतो तेव्हा

२०२० च्या मेपासून रेपो ४ टक्क्यांवर होता. घर घेण्याची हीच वेळ, असं तेव्हा सगळेच सांगत होते आणि अनेकांनी पावणेसात टक्क्यांच्या आसपास कर्जं घेतली. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो ६.५० झाला. अडीच टक्के वर.

५० लाख, २० वर्षं, ६.७५ टक्के या कर्जाचा हप्ता ३८,०१८ रुपये. एक वर्ष झाल्यावर बाकी साधारण ४८ लाख ७८ हजार. आता दर ९.२५ झाला असं धरा. (प्रत्यक्षात तो टप्प्याटप्प्याने वाढला, हिशेब सोपा व्हावा म्हणून एकदम घेतलाय.) एका महिन्याचं व्याजच होतं ३७,५९८. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलाला मिळतात ४२० रुपये. या गतीने उरलेल्या एकोणीस वर्षांचं कर्ज फिटायला जवळपास एकोणपन्नास वर्षं लागतील. टाकीत वरून येणारं पाणी आणि खालून काढलेलं पाणी जवळजवळ बरोबरीचं झालं. दर आणखी थोडा चढता तर व्याजही पुरतं वसूल झालं नसतं आणि हप्ते भरत असतानाच कर्ज वाढत गेलं असतं.

कुठलीही बँक ४९ वर्षं देत नाही, निवृत्तीच्या वयाशी कुठेतरी थांबावंच लागतं. त्यामुळे बँकांनी मुदत जमेल तितकी ताणली आणि उरलेलं हप्त्यात घातलं. अनेकांना हे नंतर समजलं. 'आपला व्याजदर सुधारण्यात आला आहे' एवढा मेसेज आला होता आणि आपण तो पार्सलच्या मेसेजसारखा पुसून टाकला होता.

हे पाहून रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढलं. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं थोडं दोन्ही, हे निवडायची मुभा कर्जदाराला द्यायची. मुदत वाढवून व्याजही फिटत नाही अशी अवस्था येऊ द्यायची नाही. आणि दर तिमाहीला एक विवरण द्यायचं: आजवर किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, हप्ता किती, किती हप्ते बाकी, वार्षिक दर किती. हे विवरण तुमच्या ईमेलमध्ये किंवा बँकेच्या ॲपमध्ये पडून असण्याची बरीच शक्यता आहे.

वरच्या उदाहरणात उरलेले २२८ महिनेच कायम ठेवायचे असते तर हप्ता ३८ हजारांवरून साडेपंचेचाळीस हजारांवर न्यावा लागला असता. सगळ्यांना ते झेपत नाही हे मान्य. पण निम्मी वाढ जरी हप्त्यात घेतली तरी मुदत हाताबाहेर जात नाही.

'पण आज हातात येणारे साडेतीन हजार मला हवेत'

दर उतरल्यावर हप्ता कमी करून घेतला तर महिन्याला सुटणारे ते ३,४४४ रुपये हवेत? मग घ्या. घरात एकच कमावता असेल, मुलांच्या फिया तोंडावर असतील, क्रेडिट कार्डाची बाकी रेंगाळत असेल, तर हप्ता कमी करून घेणंच शहाणपणाचं. क्रेडिट कार्डावर वर्षाला ३५-४० टक्के व्याज जात असताना ७.७५ टक्क्यांचं कर्ज लवकर फेडण्यात काही शौर्य नाही. ७ लाखांच्या फरकाचंही अवडंबर नको, तो तुम्ही पंधरा वर्षं दरमहा जास्त भरून कमावलेला असतो. खरा हिशेब एवढाच की कर्जात टाकलेला प्रत्येक जादा रुपया तुम्हाला कर्जाच्या दराइतकं व्याज कमावून देतो, खात्रीने आणि त्यावर कर न भरता.

'जादा भरण्यापेक्षा मी एसआयपी करीन'

या एका प्रश्नावर सगळं ठरतं: ते पैसे नाहीतर कुठे गेले असते? शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात दीर्घकाळ टिकून राहणाऱ्याला ७.७५ टक्क्यांपेक्षा जास्त मिळू शकतं, पण खात्री नाही आणि मधल्या पडझडीत हप्ता थांबत नाही. मुदत ठेवीचं मात्र उत्तर सरळ आहे. ठेवीवर ६.५ टक्के मिळाले आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या कर पायरीवर असाल तर हातात साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतात. एकीकडे पावणेआठने कर्ज आणि दुसरीकडे साडेचारने ठेव, हा तोट्याचा धंदा आहे. सहा महिन्यांचा घरखर्च आणि तेवढ्याच महिन्यांचे हप्ते बाजूला काढा, बाकीच्या ठेवी कर्जात टाकायचा विचार करा. पैसे अडकतील अशी धास्ती असेल तर काही बँका ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज देतात. जादा पैसे खात्यात ठेवायचे, तेवढ्यावर व्याज लागत नाही, लागले की काढता येतात. दर किंचित जास्त असतो.

एसआयपी करीन म्हणणाऱ्यांपैकी किती जण खरंच करतात, हा वेगळा विषय.

जादा भरायचंच असेल तर लवकर भरा. पहिल्या उदाहरणातल्या कर्जात वर्षभराने २ लाख टाकले तर २१ महिने वाचतात. तेच २ लाख दहा वर्षांनी टाकले तर दहा. दर वर्षी एक हप्ता जादा भरत गेलं तर २४० महिन्यांचं कर्ज साधारण २०० महिन्यांत संपतं. बोनसचा याहून बरा उपयोग मला तरी सुचत नाही. व्यक्तीच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर असं भरायला दंड लावता येत नाही, बँकांना २०१२ पासून हा नियम आहे. फक्त अर्जावर 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी' असं स्पष्ट लिहा आणि पोच घ्या, नाहीतर उलटं होऊन बसतं.

करसवलत बुडेल त्याचं काय

नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट नाहीच, म्हणजे बुडण्यासारखं काही उरलेलं नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतचं व्याज वजा होतं. ३० टक्क्यांच्या पायरीवर त्यातून सेससकट ६२,४०० रुपये वाचतात, पण ते वाचवायला बँकेला २ लाख द्यावे लागतात. आणि पहिल्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याज चार लाखांच्या वर आहे. दोन लाखांवरच्या व्याजाला सवलत शून्य.

बँक बदलावी का

दरात किमान अर्ध्या टक्क्याचा फरक असेल आणि मुदत बरीच उरली असेल, तर विचार करावा. शेवटच्या चार-पाच वर्षांत फारसा अर्थ नाही, व्याज बहुतेक भरून झालेलं असतं. नव्या बँकेची प्रक्रिया फी, गहाणाच्या दस्तावरचं मुद्रांक शुल्क, वकिलाची आणि मूल्यांकनाची फी हे सगळं धरा. नवी बँक पुन्हा २० वर्षांची मुदत लावून 'बघा, हप्ता किती उतरला' म्हणेल. तिथे फसू नका, उरलेले महिने तेवढेच मागा. बदलायच्या आधी नव्या बँकेचं ऑफर लेटर जुन्या बँकेला दाखवा. बऱ्याचदा काम तिथेच होतं.

घर घेणं अजून बाकी असेल तर

दलाल आणि कर्जाचा एजंट दोघंही मुदत वाढवून हप्ता बसवून देतात. ५० लाख ८.५ टक्क्यांनी २० ऐवजी ३० वर्षांसाठी घेतले तर हप्ता ४३,३९१ वरून ३८,४४६ वर येतो. पाच हजारांचीही सुटका नाही, आणि एकूण व्याज ५४ लाखांवरून ८८ लाखांवर. हप्ता झेपत नाही म्हणून ३० वर्षं लागत असतील तर घराचं बजेट तपासायची वेळ आलीय.

मुदत ताणली जाते त्यामागे बहुधा हातातल्या रकमेचा चुकलेला अंदाज असतो. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी धरत नाही. पुण्यात ७० लाखांचा रिसेल फ्लॅट घेतला तर १४ लाख स्वतःचे, ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख ९० हजार (महिलेच्या नावावर घेतल्यास एक टक्का कमी) आणि नोंदणीचे ३० हजार. एकोणीस लाखांच्या पुढे गेलो, अजून दलाली, रंगकाम आणि सोसायटीचं हस्तांतरण शुल्क बाकीच. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी वेगळा. हे खिंडार पर्सनल लोनने बुजवलं की पहिली काही वर्षं गृहकर्जात जादा भरायला काही उरत नाही, आणि जादा भरण्याची खरी वर्षं तीच असतात.

बांधकाम चालू असताना बँक टप्प्याटप्प्याने पैसे देते आणि तोवर फक्त दिलेल्या रकमेचं व्याज घेते. याला प्री-ईएमआय म्हणतात. ताबा मिळेपर्यंत तुम्ही भाडंही भरता आणि हे व्याजही, मुद्दल मात्र जागचं हलत नाही. ताबा दोन वर्षं लांबला तर ती दोन वर्षं कर्जाच्या हिशेबाने वाया. झेपत असेल तर पहिल्या दिवसापासून पूर्ण हप्ता सुरू करता येतो का, हे मंजुरीच्या वेळीच विचारून घ्या.

शेवटचा हप्ता गेल्यानंतर

कर्ज फिटलं की मूळ करारनामा, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), आधीच्या खरेदीखतांची साखळी हे सगळं बँकेने ३० दिवसांत परत द्यायचं असतं. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कर्ज देताना बँकेने जमा कागदांची यादी दिलेली असते, ती जपून ठेवा आणि ताब्यात घेताना एकेक पान तिच्याशी ताडून बघा. ना हरकत प्रमाणपत्राबरोबर सरसाई या केंद्रीय नोंदणीतून बँकेचा बोजा काढल्याचा पुरावा मागा आणि सोसायटीच्या दप्तरी बोजाची नोंद असेल तर तीही कमी करून घ्या.